मामांना न ऐकू आलेली घडघड

मित्रांनो, मी दिसायच्या आधी ऐकू येणारी गाडी होते. मी वळणापलीकडे असतानाच लोक म्हणत, "आली बघा." ते काही कौतुकाने म्हणत नसत. मी एक जुनी, उंच, पोटात भरपूर जागा असलेली एसयूव्ही आहे. आज जे सांगणार आहे ते सांगताना मला मान वर करता आली नसती. गाडीला मान नसते, तेवढे एक बरे आहे.

माझी सुरुवात मात्र मोठ्या दिमाखात झाली. कारखान्यात अंगावर राखाडी रंग चढण्याआधी माझे इंजिन एका बंद खोलीत चालवून पाहिले होते. तिथली तपासनीस बाई बराच वेळ कान देऊन उभी राहिली आणि सोबतच्या माणसाला म्हणाली, की हे चालू आहे हे हात लावल्यावरच कळतंय. ते वाक्य मी जपून ठेवले. इतर गाड्यांना वेगाचा गर्व असतो, रंगाचा असतो. मला माझ्या शांतपणाचा गर्व झाला.

मला विकत घेतले ते एका गुरांच्या डॉक्टरबाईंनी. नोकरी सोडून त्यांनी गोठ्यागोठ्यावर जाऊन जनावरांवर उपचार करण्याचे काम सुरू केले होते, आणि त्यासाठी त्यांना चिखलात न रुतणारी गाडी हवी होती. माझ्याबरोबरच त्यांनी एक ड्रायव्हर ठेवला. मध्यम वयाचा, कमी बोलणारा, शर्टाची बाही नेहमी कोपरापर्यंत दुमडलेली. डॉक्टरबाईंच्या लहान मुलीने पहिल्याच आठवड्यात त्यांना मामा म्हटले, आणि मग साऱ्या पंचक्रोशीचे ते मामा झाले.

मामांइतके मला कोणी ओळखले नाही. ते रेडिओ लावत नसत. गाडी काहीतरी सांगत असते, मध्ये तिसऱ्याने बोलायला नको, असे ते म्हणत. कुठे एखादा नट सैल झाला, पट्टा कुरकुरला, की ते लगेच बाजूला थांबत आणि बॉनेट उघडून त्या जागेवर बोट ठेवत. डॉक्टरबाई मागे बसत नसत, पुढे त्यांच्या शेजारीच बसत. कुठल्या गाईला ताप आहे, कुठल्या मेंढीचा पाय सुजला आहे, याची चर्चा दोघांत चाले. माझ्या मागच्या भागात औषधांची पेटी, दोरखंड, बादल्या आणि कधी कधी एखादे आजारी वासरू असे. एकदा एक शेळी दवाखान्यात पोचण्याआधीच माझ्या पोटात व्यायली. मामांनी आपला स्वेटर काढून त्या ओल्याचिंब करडाला गुंडाळले आणि उरलेला रस्ता स्वतः कुडकुडत गाडी चालवली.

माझ्या शांतपणाचा तेव्हा खरा उपयोग होता. बुजरे जनावर असले तरी मी थेट अंगणात जाऊन उभी राहत असे. गाई रवंथ थांबवत नसत. डॉक्टरबाई खाली उतरून दोन पावलांत कामाला लागत. लोक म्हणत, यांची गाडी मांजरीच्या पावलांनी येते.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग कधीतरी मामा बोलताना डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे पाहू लागले.

आधी मला त्यात काही वाटले नाही. पण मग ते "काय?" असे विचारू लागले. पुढे तेही विचारणे बंद झाले. लोक हसले की ते हसत, लोक गंभीर झाले की मान हलवत. रेडिओ न लावणारे मामा रेडिओ लावू लागले, तोही मोठ्याने, इतका की डॉक्टरबाई हात पुढे करून तो कमी करत.

नेमके त्याच दिवसांत माझ्या इंजिनाच्या आत एक बेअरिंग झिजू लागले. सुरुवातीला नुसती टकटक होती, दारावर कोणी नखाने वाजवावे तशी. मला वाटले, मामा आता थांबतील, बॉनेट उघडतील, बोट ठेवतील. ते थांबले नाहीत. मी चढावर जरा जोराने टकटक केली. ते रेडिओवरच्या गाण्याबरोबर स्टिअरिंगवर बोटे वाजवत राहिले. मला राग आला. मी म्हातारी झाले, आता माझे ऐकतो कोण, असे म्हणून मी मनात कुढत राहिले. मामांचा तेल-पाणी पाहण्याचा नेम चुकत नव्हता, काच पुसणे चुकत नव्हते. फक्त ऐकणे तेवढे बंद झाले होते.

मग एका अरुंद रस्त्यावर मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. वाजवतच राहिला. मामा मला शांतपणे रस्त्याच्या मधून चालवत होते. ट्रकवाल्याने शेवटी बाजूने गाडी काढली आणि खिडकीतून हातवारे करत निघून गेला. मामांनी दचकून त्याच्याकडे पाहिले, मग आरशात पाहिले, आणि हळूच उजव्या कानात करंगळी घालून हलवली. त्या दिवशी डॉक्टरबाई सोबत नव्हत्या. हे पाहणारी मी एकटीच होते. माझा राग जागच्या जागी विरला. मित्रांनो, माझ्याजवळ आवाजाशिवाय दुसरी भाषा नव्हती, आणि तो आवाज पोचत नव्हता.

टकटकीची खडखड झाली, खडखडीची घडघड झाली. डॉक्टरबाईंना ती ऐकू येत होती. त्यांनी एकदा विचारलेसुद्धा, "मामा, हा आवाज नेहमीचाच ना?"

मामांनी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी अंदाज बांधला आणि मान डोलावली. "हो हो, नेहमीचाच."

डॉक्टरबाईंचा मामांच्या कानांवर पूर्ण विश्वास होता. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला कुठेतरी शेडमध्ये जाऊन तोंड लपवावेसे वाटते. मी आले की कुत्री भुंकत, कोंबड्या सैरावैरा पळत. पोरे कानांवर हात ठेवून माझ्यामागे धावत. एक दूधवाला दर वेळी डॉक्टरबाईंना विचारी, की तुम्ही गाडीतून येता की गाडी ढकलत आणता? डॉक्टरबाई हसून वेळ मारून नेत. त्यांची मुलगी आता मोठी झाली होती, एका कार्यालयात नोकरी करत होती. पाऊस असला तरी ती कोपऱ्यावरच उतरू लागली. दार लावताना ती मामांना म्हणे, इथपर्यंत पुरे, आणि मामांना ते ऐकू गेले नाही तरी मला जात असे.

पण लोकांनी हसणे वेगळे आणि जे पुढे घडले ते वेगळे.

एका सकाळी एका घोडीला पाहायला जायचे होते. तिच्या पायात खिळा घुसून जखम चिघळली होती. घोडीवाल्याने तिला अंगणात खुंटाला बांधून ठेवले होते आणि तो तिच्या मानेवरून हात फिरवत उभा होता. मामांनी मला नेहमीप्रमाणे थेट अंगणात घातले. भिंतींनी वेढलेल्या त्या अंगणात माझी घडघड दुप्पट झाली. घोडी दोन पायांवर उभी राहिली. दोरी तुटली. घोडीवाला भिंतीवर आदळला आणि खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या खांद्याचे हाड मोडले होते.

डॉक्टरबाईंनी खाली उडी मारून आधी किल्ली फिरवायला सांगितले. मामांना तेही समजले नाही. शेवटी खिडकीतून हात घालून त्यांनी स्वतःच मला बंद केले. मामा उतरून त्या बिथरलेल्या घोडीकडे पाहत राहिले. ती कशाने घाबरली, हे त्यांना खरोखरच कळले नव्हते.

घोडीवाला ओरडला नाही. वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो एवढेच म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी चालत या."

त्यालाच मी दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत प्रत्येक खड्ड्यावर तो कण्हत होता आणि त्याच्या कण्हण्यावर माझी घडघड चढत होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मला गॅरेजमध्ये नेले. सोबत डॉक्टरबाई होत्या, त्यांची मुलगी होती, आणि चालवणारे मामा. मेकॅनिकने बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि माझ्या आत डोके घातले. चार लोकांसमोर असे उघडे होऊन उभे राहणे काय असते ते मी सांगू शकत नाही. शेजारच्या गाड्यांवर काम करणारी माणसेसुद्धा हातातले पाने थांबवून बघत होती.

मेकॅनिकने दोन मार्ग सांगितले. एक तर हे इंजिन पूर्ण खोलायचे, झिजलेले भाग बदलायचे, पण आत ओरखडे किती खोल गेलेत ते उघडल्यावरच कळणार, आणि एवढे करूनही आवाज पुरता जाईल याची खात्री नाही. नाहीतर इंजिनच बदलायचे. माझ्याच जातीची एक गाडी मागून चेपली होती, तिचे इंजिन त्याच्याकडे धडधाकट पडून होते. मुलीने तिसराच मार्ग सुचवला, की ही गाडी आता भंगारात द्यावी.

मेकॅनिकने विचारले, आवाज कधीपासून आहे? वेळेवर आणली असती तर एवढ्यावर आली नसती.

"ते मामांना विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मेकॅनिकने मामांना विचारले. मामा म्हणाले, "हो, तेल परवाच बदललंय."

मेकॅनिकने माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा विचारले, "मामा, आवाज. हा आवाज कधीपासून येतोय?"

मामांनी त्याच्या ओठांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"आवाज?" ते म्हणाले. "कुठला आवाज?"

मी त्या वेळी चालू होते. पत्र्याचे छप्पर थरथरत होते. शेजारच्या एका कामगाराला हसू आले, पण मेकॅनिकने त्याच्याकडे पाहिल्यावर ते तिथेच विरले. मामांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यांना सगळे समजले. दुमडलेली बाही त्यांनी उगाचच खाली केली, आणि पुन्हा वर केली.

डॉक्टरबाईंनी मला बंद केले. मग त्या मामांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, ऐकू येत नाही?"

"उजव्यानं अजिबात नाही," मामा म्हणाले. "डाव्यानं थोडं येतं. सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती. मग मी काय करणार होतो? घरीसुद्धा बोललो नाही." मग ते म्हणाले, "तो माणूस माझ्यामुळे पडला."

डॉक्टरबाईंनी लगेच त्यांची समजूत काढली नाही. त्या तिथल्या लाकडी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "रोज शेजारी बसते मी. शेळीला ऐकू येत नसतं तर मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं." मग त्यांनी मामांना बाकावर जागा करून दिली.

निर्णय त्याच बाकावर झाला. मामांचा हट्ट होता की इंजिन दुरुस्तच करावे. माझ्यामुळे बिघडलं, ते असं उपटून टाकू नका, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरे सांगते, माझीही तीच इच्छा होती. पण डॉक्टरबाईंनी नकार दिला. आजारी जनावरे थांबून राहत नाहीत, आणि खात्री नसलेली गाडी घेऊन पुन्हा कोणाच्या अंगणात शिरायचे नाही, असे त्या म्हणाल्या. इंजिन बदलायचे ठरले. मुलगी हळूच म्हणाली, मग ड्रायव्हरचं काय? त्यावर मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "ताई, इंजिन बदलता येतं. मामांना दुरुस्तच करावं लागेल." पहिल्यांदा मामाच हसले. त्यांना ते ऐकू गेले की ओठांवरून कळले, कोण जाणे.

कानाच्या डॉक्टरांकडे मामांना ती मुलगीच घेऊन गेली. ते परत आले तेव्हा दोन्ही कानांमागे छोटी यंत्रे होती आणि चेहऱ्यावर नव्या शाळेत आलेल्या मुलासारखा गोंधळ. पाना खाली पडला तरी ते दचकत होते. माझे इंजिन त्या दिवशी काढायचे होते. ते उचलायची साखळी लावून झाली होती. मामा मेकॅनिकला म्हणाले, "एकदा चालू करा."

त्याने साखळी सोडून मला चालू केले.

मामा माझ्यासमोर उभे राहिले. घडघड त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी यंत्रे काढली नाहीत, कानांवर हात ठेवले नाहीत. सगळे ऐकून घेतले. मग बॉनेटच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "एवढी ओरडत होतीस?"

मग त्यांनीच मला बंद केले.

आता माझ्यात दुसरे इंजिन आहे. ते शांत आहे. लोक पुन्हा माझी स्तुती करतात, आणि मला चोरट्यासारखे होते, कारण हा शांतपणा त्या चेपलेल्या गाडीचा आहे, माझा नाही. काही आठवडे डॉक्टरबाईंनी स्वतः मला चालवले आणि मामा शेजारी बसले. कानाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर स्टिअरिंग पुन्हा मामांच्या हाती आले. घोडीवाल्याचा खांदा जुळला, पण तो हात आता पूर्ण वर जात नाही. त्याच्या अंगणाबाहेर आम्ही अजूनही दूर थांबतो. तो आत बोलावतो, तरी डॉक्टरबाई आणि मामा पेटी उचलून चालतच जातात. मी रस्त्यावर उभी राहते. मला ते योग्य वाटते.

मित्रांनो, मी एक यंत्र आहे. मला तेल घाला, माझी काच पुसा, माझी कुरकुर वेळेवर ऐका, एवढेच मागणे मी करायला हवे. पण तुमच्याकडे माझे आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा "काय?" असे विचारत असेल, तर वैतागू नका. आणि ते विचारणे अचानक बंद झाले, तर त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा.

काल एका गोठ्यात, पाच-सहा माणसांच्या गलक्यात, कोणीतरी मामांना काहीतरी विचारले. मामा मोठ्याने म्हणाले, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." कोणी हसले नाही. त्या माणसाने जवळ येऊन पुन्हा सांगितले.