मानाची जोडी

"दारात वाजंत्री न्हाई आणायची, सांगून ठेवतो," म्हणत रखमाजी गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले.

समोर अप्पाराव होते. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून सर्वांत आधी बैल न्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यापायी त्यांनी सख्ख्या चुलत्याशी बारा वर्षं अबोला धरला होता. आज मात्र सजवलेले बैल वेशीतच उभे करून ते चालत आले होते.

"वाजंत्री राहू द्या. पर तुमची जोडी पहिली निघंल, कल्याणच्या नावानं. सारा गाव थांबून राह्यलाय."

"पोराला जाऊन वरीस न्हाई झालं. मी सण करू व्हय?"

आठच महिने झाले होते. सीमेवर गोळीबारात अडकलेल्या दोन जखमी सोबत्यांना कल्याणने पाठीवर घालून आणलं, आणि तिसऱ्यासाठी तो परत गेला. तिसरा वाचला. कल्याण त्याच्या अंगावर पालथा पडलेला सापडला. असं काळीज लाखात एखाद्याचं असतं! पलटणीच्या साहेबांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा रखमाजींना अभिमान वाटला आणि पोराचा रागही आला. दोघांना आणलं होतं, तेवढं पुरे नव्हतं का? हा प्रश्न आठ महिने त्यांना जाळत होता, पण फलक आणि हारतुऱ्यांच्या गलक्यात तो विचारायचा कुणाला?

"सण नका करू," अप्पाराव म्हणाले. "झूल नको, रंग नको. बैल हायेत तशे आणा. पर तुमच्या आधी तोरणाखालून जायची मला लाज वाटून राह्यली."

पुढाऱ्यांच्या भाषणांनी न आलेलं पाणी रखमाजींच्या डोळ्यांत आलं. त्यांनी बैल सोडले.

डावा बैल मोठा बुजरा. पोळ्याला त्याचा कासरा कल्याणच धरायचा, त्यासाठी सुट्टी काढून यायचा. रखमाजी घुटमळले, तोच घरातून पुष्पाबाई आल्या. गावातल्या बायका पोळ्याला ओवाळणीचं ताट घेऊन दारातच थांबतात, बैलांसोबत वेशीत जात नाहीत.

"आणा तो कासरा हिकडं," त्या म्हणाल्या.

दोघं निघाले. वेस जवळ आली तसं रखमाजींना राहवेना.

"दोघांला आणलं व्हतं त्यानं. तेवढं बास न्हवतं का गं?"

"तिसऱ्याची बी माय असंल की," पुष्पाबाई म्हणाल्या.

ढोल थांबले. बिनरंगाच्या शिंगांची ती जोडी तोरणाखालून गेली. मागून अप्पाराव आपले बैल घेऊन निघाले, अनवाणी.