माळ पडायच्या आधी

तलवाड्याच्या सुंदरराव पाटलाला नातू झाला तेव्हा साऱ्या गावाने गूळ खाल्ला, आणि सुंदररावाच्या मात्र हातातला गूळ हातातच राहिला. कारण त्याच्या बायकोने, छबुबाईने, नारायणगडावर नवस बोलला होता. सुनेला मुलगा झाला तर आम्ही दोघं नवराबायको माळ घालू. बोलली ती, पण शेजारी उभं राहून मान सुंदररावानेच हलवली होती. आता तुळशीची माळ एकदा गळ्यात पडली की मटण बंद, दारू बंद. थेट मरेपर्यंत.

त्या दिवसापासून त्याचं पोट नुसत्या आठवणी काढू लागलं. तरुणपणी एकदा तो जमिनीच्या कामासाठी बीडला गेला होता. तिथल्या बाजारात रहीमचाचाच्या भट्टीवर बकऱ्याच्या मटणाचे सीख कबाब खाल्ले होते. गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या भट्टीचं खाल्लं हे कळलं असतं तर भावकीने पाणी तोडलं असतं. पण वास काही नाकातून गेला नव्हता.

शेवटी त्याने धर्मराजाला गाठलं. धर्मराज त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याला बीडची गल्लीन्‌गल्ली ठाऊक होती, आणि नसेल ती तो ठाऊक असल्यासारखी सांगायचा.

कडब्याच्या गंजीला टेकून दोघे बसले. धर्मराजाने काडीने मातीत बीड काढलं.

"ही नदी. हे कनकालेश्वराचं देऊळ. ही कचेरी. आन् हितं पारशाचं दुकान. तितं हैदराबादेहून अंगुरी येती. द्राक्षाची, लाल. आपल्या शिंदीवाणी आंबूस न्हाई बे. गोड लागती आन् मागून हळूच धरती."

"आन् भट्टी?"

"ही इथं. दोन हातांवर."

"मग आधी पिऊ, मग खाऊ."

"येडा का खुळा तू? पिल्यावर चव कुणाला कळती?"

"अन् खाल्ल्यावर प्यायला पोटात जागा कुठं ऱ्हाती?"

यावर बराच वाद झाला. बीडचा अर्धा बाजार धोतराच्या सोग्याने पुसला गेला. मग ठरलं ते असं: आधी एक घोट, मग कबाब, मग उरलेली अंगुरी, आणि तोंडाला वास राहू नये म्हणून वरून जिलबी. कबाब शुक्रवारच्या, जुम्म्याच्या नमाजानंतरचे सगळ्यांत सरस, म्हणून आदल्या दिवशी, बेस्तरवारी निघायचं, जुम्मा बीडला काढायचा आणि परत आल्यावर गड गाठायचा.

राहिली सबब. ती सुंदररावाने संध्याकाळी बायकोला सांगून टाकली. "जुम्म्याला बीडच्या कचेरीत तारीख हाय. बांधाच्या भांडणाची. धर्मराज साक्षीला येतोय."

बोलून झाल्यावर चूक त्याच्या ध्यानात आली. निजामाच्या राज्यात जुम्म्याला साऱ्या कचेऱ्या बंद असत, हे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक होतं. कबाबाच्या नादात जिभेने जुम्माच उचलला होता.

छबुबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"बरं," ती म्हणाली.

बेस्तरवारी उजाडताना सुंदरराव गाडीपाशी आला, तर छबुबाई आधीच गाडीत बसलेली. मांडीवर गाठोडं, डोक्यावर पदर, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं.

"तू कुठं निघालीस?"

"बीडला. कनकालेश्वराचं दर्शन व्हईल. आन् परस्परच गडावर जाऊ. घरी येऊन पुन्हा बैलांना कशाला पळवायचं?"

धर्मराजाने बैलांच्या शिंगांकडे असं पाहिलं, की जणू उत्तर तिथेच लिहिलंय. सुंदररावाने कासरा सोडला. छबुबाई वाटभर ज्वारीची कणसं बघत गुणगुणत होती.

जुम्म्याला दुपार टळल्यावर धर्मशाळेत तिनेच घाई केली. "जावा की. तारखेला उशीर व्हईल."

दोघे निघाले. कचेरीच्या दाराला कुलूप होतं आणि पायरीवर कुत्रं झोपलं होतं. पारशाकडून धर्मराजाने बाटली घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. भिंतीआड ठरल्याप्रमाणे एकेक घोट झाला. सुंदररावाचे कान गरम झाले. सुटलो, असं त्याला वाटलं.

भट्टीवर रहीमचाचा पंख्याने निखारे फुलवत होता. दाढी पांढरी झाली होती, पण वास तोच.

"देर कर दिए पाटील," तो म्हणाला. "पहले सीखां तो बाई ले को गई."

"कोन बाई?"

चाचाने पंख्याने लिंबाच्या झाडाकडे दाखवलं. झाडाखाली त्यांचीच गाडी उभी होती. छबुबाईने स्वतः हाकून आणली होती. गाडीत पाठमोरं हिरवं लुगडं, आणि समोर पळसाचं पान.

धर्मराज हळूच मागे सरकू लागला, पण सुंदररावाने त्याचा कोट धरून ठेवला. मरायचं तर दोघांनी.

"उरकली का तारीख?" छबुबाईने मागे न बघता विचारलं.

"आज... साहेब आला न्हाई."

"कसा यील? जुम्मा हाय. अन् ते सोडा. तुमी बीड काढीत होता तवा गंजीमागं मी शेण भरीत होते. समदं ऐकलंय. जिलबीसकट."

तिने अर्धी मान वळवून धर्मराजाकडे पाहिलं.

"भावजी, कोटात काय फुगलंय?"

"औषध हाय, वहिनी," धर्मराज म्हणाला.

"कशावर?"

"खोकल्यावर."

छबुबाई जोरात खोकली. "द्या मग."

तिने बाटली तोंडाला लावली. एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, मग हळूहळू सरळ केलं. दोघे गडी निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे.

"गोड हाय की," ती म्हणाली. "आन् हे तुमी चोरून पिनार व्हता?"

"अगं, पण तू आलीस कावून? मला धरायला?"

"धरायचं असतं तर तलवाड्यातच धरलं नसतं का?" ती आता पुरती वळली. "माळ काय तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडनार हाय? शेतात बकरं पडलं की तुमी गडी गोल करून बसनार, नळ्या फोडनार. बायकांच्या वाट्याला गार रस्सा आन् चाटलेली हाडकं. शेवटचं खायाला तुमी हितं आलात. मी तर आजवर पहिलंच खाल्लं नव्हतं."

सुंदररावाने पानाकडे पाहिलं. पानावर दोनच तुकडे उरले होते. तिने एक उचलून त्याच्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"बघता काय? दुसरा घाणा निघंल. जावा, रांगेत उभं ऱ्हावा."

तो गेला. पाटील माणूस घाम पुसत हमालांच्या मागे उभा राहिला आणि पान भरून घेऊन आला. मग पुन्हा गेला. स्वतःही खाल्लं त्याने, नाही असं नाही. पण खाताना त्याचं लक्ष बायकोकडेच जात होतं. ती प्रत्येक तुकडा उजेडात धरून बघायची आणि मग खायची. मसाल्यात काय आहे ते तिने चाचाला ओरडून विचारलं. चाचाने अर्धं सांगितलं, अर्धं हसण्यावारी नेलं. अंगुरी तिघांत संपली. धर्मशाळेत येईपर्यंत छबुबाईचा पदर दोनदा खांद्यावर आला आणि तिने तो दोन्ही वेळा सावरला नाही.

त्या रात्री सुंदररावाला शांत झोप लागली. मनात काही उरलं नव्हतं. आता गडावरच्या बुवांनी दोन माळा घातल्या तरी तो मान पुढे करणार होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गाडी आली. एक वाट गडाकडे, एक तलवाड्याकडे. धर्मराजाने बैल थांबवले.

"गडावर घे," सुंदरराव म्हणाला. आवाज असा, की जणू आताच कीर्तनातून उठून आलाय.

"थांबा," छबुबाई म्हणाली. "आज नगं."

"का? नवस तुझा. इतके दिवस माझ्या मागं लागलीस तूच."

"लागले. पर देवाम्होरं खोटं कसं बोलू? माझं मन अजून त्या भट्टीपाशी बसलंय. अशा मनानं माळ घातली तर देवालाच कसंतरी व्हईल."

"माझं मन तर निवलं ना!"

"मग तुमी घाला. मी गाडीत बसते. घरी मी माझ्यापुरतं रांधून घेत जाईन, तुमाला वरण-भाकरी टाकीन."

सुंदररावाने ते चित्र मनात उभं केलं. तो ओट्यावर वरण भुरकतोय, आणि आतून फोडणीचा वास येतोय. त्याने हात गळ्यापाशी नेला आणि तसाच खाली घेतला.

"तुझं मन निवंल कवा?" त्याने विचारलं.

"ते मला काय ठावं? तुमचं निवायची वाट मी लगीन झाल्यापून बघितली. आता तुमी माझी बघा."

धर्मराजाला हसू आवरेना, म्हणून त्याने बैलांना उगाच शिव्या घातल्या. गाडी तलवाड्याच्या वाटेला लागली. जरा पुढे गेल्यावर छबुबाई सरकून त्याच्यामागे बसली.

"भावजी, औरंगाबादेत काय मिळतं हो खायाला?"

"औरंगाबादेत?" धर्मराज एकदम ताठ झाला. "वहिनी, तितं नानखलिया. मटण मोठ्या देगीत रातभर शिजतं. लालभडक तर्री, आन् नान असा पिवळाधमक, की..."

सुंदररावाने मागे वळून गडाच्या दिशेने दोन्ही हात जोडले, आणि तोंडाला सुटलेलं पाणी गुपचूप गिळून टाकलं.