एकही मिसमॅच नाही

एडवर्डनं सुकेळ्यांचा पुडा पाठवला आणि विनयाच्या मनात पाल चुकचुकली. एडवर्ड वसईजवळच्या सांडोरचा, घरची केळीची वाडी, त्यामुळे पुड्याचं नवल नव्हतं. नवल होतं सोबतच्या चिठ्ठीचं. ‘या महिन्यात एकही मिसमॅच नाही!’ उद्गारचिन्ह चांगलं ठसठशीत काढलं होतं.

विनया अंधेरीच्या एका औषध कंपनीत होती. सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी गावोगावच्या इस्पितळांत चालू होती, आणि डॉक्टरांनी हातानं भरलेले कागद संगणकात चढवायचं काम कंपनीनं बाहेर दिलं होतं, वसई पूर्वेच्या एका गाळ्यात, एडवर्डकडे. त्या कामावर लक्ष ठेवायचं ते विनयानं. काम वसईला यावं म्हणून शब्द टाकला होता तोही तिनंच. विरारला मनवेलपाड्यात राहून रोज मुंबई गाठणाऱ्या बाईला इथल्या पोरींना घराजवळ नोकरी मिळावी असं वाटलं, तर त्यात काय चुकलं?

कामाची रीत साधी होती. एकच कागद दोन मुलींनी एकमेकींकडे न बघता वेगवेगळा टाइप करायचा. मग संगणक दोन्ही ताडून बघायचा आणि फरक पडेल तिथे बोट ठेवायचा. तो फरक म्हणजे मिसमॅच. आता डॉक्टरांचं अक्षर ते डॉक्टरांचंच, कोंबडीनं अंगणात पाय ओढावेत तसं. ते दोघींना महिनाभर तंतोतंत सारखं लागलं? विनयाला हे काही केल्या पटेना.

तिची साहेबीण रीमा मात्र खूश होती. शुक्रवारी सगळा डेटा कुलूपबंद व्हायचा होता, म्हणजे त्यानंतर त्याला कुणी हात लावायचा नाही, थेट निकाल. “कुणी चांगलं काम केलं तरी तुझं तोंड वाकडंच,” रीमा म्हणाली. विनयानं एक सुकेळं खाल्लं, ते छान गोड होतं, आणि मंगळवारी सकाळी न कळवता ती गाळ्यावर जाऊन उभी राहिली.

भारनियमनाचे दिवस. वसई-विरारची वीज कधी जाईल आणि कधी येईल हे वीज मंडळालाही ठाऊक नसावं. दारात रखवालदार बळीराम पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता.

“लाइट गेलीय, मॅडम. पानी देऊ का?”

“नको. मग काम बंद आहे?”

“छे! वर जाऊन बघा की.”

ती जिना चढू लागली आणि वरून आवाज ऐकू आला. एक मुलगी मोठ्यानं सांगत होती, बाकीच्या तिच्यामागून म्हणत होत्या. घरी संध्याकाळची प्रार्थना चालते, अगदी त्या सुरात. पण शब्द प्रार्थनेचे नव्हते. “हिमोग्लोबिन, ट्वेल्व्ह पॉइंट सिक्स.” “ट्वेल्व्ह पॉइंट सिक्स.” खिडकीपाशी क्लेमेंटीन नावाची पोरगी कागद उजेडाला धरून वाचत होती, आणि दोन्ही बाजूंच्या मुली आपापल्या वहीत पेन्सिलीनं उतरवून घेत होत्या.

एडवर्ड पुढे आला, चेहरा खुललेला. “बघा मॅडम, माझ्या पोरी! लाइट नाही म्हणून हातावर हात धरून बसत नाहीत. ज्याचं अक्षर लागत नाही ते सगळ्या मिळून लावतात. लाइट आली की नुसतं टाइप करायचं. म्हणून तर मिसमॅच थांबले!”

विनयानं खुर्ची ओढली. रागवायचं तरी कुणावर? कुणी लबाडी केली नव्हती, कुणी आळस केला नव्हता. गावात जसं एकमेकींच्या मदतीला धावतात तशा या धावल्या होत्या, आणि धावता धावता डोळ्यांच्या दोन जोड्यांची एकच करून बसल्या होत्या. क्लेमेंटीन चुकली की सगळ्या चुकणार, आणि संगणक म्हणणार, वा, सगळं जुळतंय!

“एडवर्ड, यकृताच्या तपासण्यांचे कागद काढा. महिनाभराचे सगळे.”

“आत्ता? मॅडम, शुक्रवारचं काम...”

“आत्ता.”

गोळी यकृताला बाधू शकते एवढं पहिल्यापासून माहीत होतं. म्हणूनच दर खेपेला रक्त तपासायचं. विनया खिडकीशी बसली, क्लेमेंटीनला शेजारी बसवलं, आणि एकेक आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागली. आधी आपण वाचायचं, मग वहीत काय उतरलंय ते बघायचं. घाम गळत होता, पदर कागदाला चिकटत होता. दुपार कलली तरी ती उठली नाही.

“हा काय आकडा गं?”

“थर्टी वन पॉइंट टू, मिस.”

“मला तीनशे बारा दिसतो.”

“मध्ये पॉइंट आहे ना!” क्लेमेंटीननं नख टेकवलं. होता खरा. डॉक्टरांच्या कागदाखालची पिवळी कार्बन प्रत गाळ्यावर यायची, तिच्यावर एक बारीक काळा ठिपका. विनयानं त्याच इस्पितळाचा दुसरा कागद काढला. तिसरा काढला. सगळ्यांवर त्याच जागी तसाच ठिपका, कुठे आकड्याबाहेर कोऱ्या जागेत, कुठे चाराच्या पायावर. छापखान्यातला डाग तो! एकतीस म्हणजे धडधाकट माणूस, संगणकानं हूं की चूं केलं नव्हतं. तीनशे बारा म्हणजे यकृत बोंब मारतंय. तिथल्या डॉक्टरनं आकडा उतरवला आणि पुढचा रुग्ण आत घेतला असणार. आणि हा माणूस अजून रोज गोळी घेत होता.

“कोण आहे तो, मिस?” क्लेमेंटीनचा आवाज एवढासा झाला होता.

“आपल्याला नुसता नंबर असतो. आणि आर. एस. ही दोन अक्षरं.”

विनयानं रीमाला फोन लावला. रीमानं ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. “एका ठिपक्यासाठी शुक्रवार मोडायचा? मेल टाक. कुलूप लागलं की बघू.”

“कुलूप लागेपर्यंत तो गोळ्या खाईल, रीमा.”

“तुझं काम डेटाचं आहे, विनया. डॉक्टर होऊ नकोस.”

“म्हणूनच डॉक्टरला फोन करतेय,” विनया म्हणाली आणि फोन ठेवला. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आला तर त्याच दिवशी थेट कंपनीच्या डॉक्टरला कळवायचं, ही ओळ करारात तिनंच भांडून घालून घेतली होती. तेव्हा सगळे हसले होते.

एडवर्डनं हात जोडले. “मॅडम, एक दिवस द्या. आपसात दुरुस्त करू. हे वर गेलं तर काम जाईल आमचं. या पोरी कुठं जातील? तुम्हीच तर आणलंत आम्हाला.”

हे शेवटचं वाक्य विनयाला लागलं. क्लेमेंटीन पापणी न हलवता तिच्याकडे बघत होती. सगळं गप्प बसवणं किती सोपं होतं! पण त्या आर. एस.ला आपसात काय ते करता येणार होतं का?

“मीच आणलं, म्हणून मीच सांगणार,” ती म्हणाली आणि तिनं कंपनीच्या डॉ. विनितांचा नंबर फिरवला. ठिपका सांगितला, आकडा सांगितला, आणि महिनाभराच्या कशावरही भरवसा ठेवू नका हेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून निरोप आला. माणसाला घरून बोलावून आणलं होतं. डोळे पिवळे झालेले. उन्हाळी लागली असेल म्हणून तो घरीच ताक पीत बसला होता. गोळी बंद केली, इस्पितळात दाखल केलं. पुढचं सांगता येत नाही, म्हणाले.

शुक्रवारचं कुलूप लागलं नाही. रीमानं विनयाशी बोलणं टाकलं. महिन्याचं सगळं काम पुन्हा करायचं ठरलं, एडवर्डनं, स्वतःच्या खर्चानं. करार तेवढा वाचला, तोही विनया वरपर्यंत भांडली म्हणून. एडवर्डनं इन्व्हर्टर घेतला, गाळ्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत घातली, आणि विनयाशी ‘नमस्कार’ यापलीकडे शब्द बोलेना. तिला वाईट वाटलं. पण झोप लागत होती.

ती पुन्हा गाळ्यावर गेली तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना नुसती टाइपण्याची टकटक चालू होती. तेवढ्यात संगणक टिंग वाजला आणि क्लेमेंटीननं हात वर केला. “मिस, मिसमॅच!” पलीकडच्या पोरी खुदकन हसल्या. एडवर्ड कागद घेऊन आला, चष्मा पुसून दोनदा वाचला, मग कपाटातला सुकेळ्यांचा पुडा काढून त्यानं क्लेमेंटीनच्या टेबलावर ठेवला.

क्लेमेंटीननं पुडा बाजूला सारला. “मिस, मी रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितली, त्या माणसासाठी. फादरनी नाव विचारलं. आर. एस. म्हटलं. फादर म्हणाले, पूर्ण नाव सांग.”

“मग?”

“म्हटलं, नाव आमच्यापर्यंत पूर्ण येत नाही, फादर, पण माणूस पूर्ण आहे.” इतके दिवस गिळून ठेवलेलं तिनं आता विचारलं. “आहे ना तो, मिस?”

“आहे,” विनया म्हणाली. “परवाच घरी गेला.”

क्लेमेंटीननं कपाळाला, छातीला बोटं लावली आणि पुढचा कागद स्वतःपुरता, मनातल्या मनात वाचायला घेतला.