मधली भाडेकरू

बेल वाजली तेव्हा मावशी कांदा परतत होत्या, आणि तोही जेवायला नव्हे. संध्याकाळी एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता. घरभर कांद्याचा वास मुरलेला असला की माणसाला नको ते प्रश्न सुचत नाहीत, हा मावशींचा अनुभव. गॅलरीत ओले टॉवेल, टीव्हीवर कुणाची तरी भांडणं, सोफ्यावर अर्धवट विणलेला स्वेटर. तो स्वेटर गेली कित्येक घरं अर्धवटच होता.

धंदाच तसा होता त्यांचा. समुद्राकाठच्या त्या उपनगरात खाऱ्या वाऱ्याने कड्या गंजतात, भिंतींना पोपडे येतात, ते भाडेकरू चालवून घेतात. पण घरात कुणी गेलेलं असलं की जिनासुद्धा चढत नाहीत. म्हणून एजंट अशा घरात मावशींना नाममात्र भाड्यात वर्षभर ठेवायचा. त्या राहून गेल्या की पुढच्याला छातीठोकपणे सांगता यायचं, आधी एक बाई होत्या, एकट्या, अगदी सज्जन. त्यात खोटं काहीच नसायचं. घराला आपला वास लावायचा आणि आधीच्याचा घालवायचा, एवढंच मावशींचं काम. भीती नाही का वाटत, असं एजंटने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "भुतांना भाडं परवडत नाही रे."

खरी भीती त्यांनी कुणाला सांगितलेली नव्हती. त्यांचे यजमान शेजारच्याच गल्लीतल्या भाड्याच्या घरात गेले, भर दुपारी, जेवता जेवता. मालकाने लगेच घर रिकामं करून घेतलं. तिथेही आपल्यासारखीच कुणीतरी येऊन राहिली असेल, आणि यजमानांचा मागमूसही उरला नसेल, हा विचार मावशींची पाठ सोडत नसे. त्या गल्लीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाजाराला जायचं तरी लांबचा वळसा घालत.

दारात एक तरुण मुलगी उभी होती, हातात प्रवासाची बॅग.

"इथे माझे बाबा राहायचे," ती म्हणाली. "मी लांब असते, ते गेले तेव्हा वेळेवर पोचता आलं नाही. एकदा नुसतं घर बघू का?"

उत्तर मावशींच्या जिभेवर तयारच असे. "इथे? नाही गं. मी कधीची राहतेय इथे. बिल्डिंग चुकली असेल तुझी, सगळ्या सारख्याच दिसतात."

मुलीने आत नजर टाकली. टीव्ही, टॉवेल, स्वेटर. बापाचं म्हणावं असं तिला काहीच दिसलं नाही.

"असेल," ती म्हणाली. "मी कधी आलेच नव्हते ना इथे. ते बोलवायचे, मी पुढच्या सुट्टीत म्हणायचे." आणि बॅग उचलून जिना उतरू लागली.

काम फत्ते झालं होतं. पोटच्या पोरीलासुद्धा बापाचं घर ओळखता आलं नव्हतं. मावशींना आपल्या कामाची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"थांब गं," त्यांनी कठड्यावरून हाक मारली. "बिल्डिंग बरोबर आहे. मी खोटं बोलले. ये आत."

त्या माणसाला मावशींनी कधी पाहिलं नव्हतं, पण इतके महिने त्याच्या घरात वावरल्या होत्या. त्यांनी मुलीला आरशाचा खिळा दाखवला. "किती वर आहे बघ. उंच होते ना?"

"खूप. आमच्या जुन्या घरी दारातून वाकून यायचे."

"आणि या दिव्याच्या बटणाभोवती सगळी भिंत काळी झाली होती. चाचपडत असतील. दिसत कमी असावं त्यांना. मी रंग मारला त्यावर."

"मला कधी बोलले नाहीत."

"लेकीला सगळं थोडंच सांगतात," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीतल्या कुंड्या उचलून खाली ठेवल्या. लाकडी चौकटीवर दोन जागी रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. "कोपरं टेकून बसायचे बहुतेक. इथेच गेले म्हणे, बसल्या बसल्या."

मुलीने खुर्ची ओढली आणि त्या दोन जागांवर आपली कोपरं टेकली. मावशींनी टीव्ही बंद केला.

एजंट ठरल्यापेक्षा लवकरच आला, बरोबर एक जोडपं. बाईला घर आवडल्याचं दारातच दिसत होतं. तिने खिडकीकडे पाहून विचारलं, "या कोण?"

"मावशींची भाची," एजंट पटकन म्हणाला, आणि मावशींकडे बघत राहिला. नुसती मान हलवली की उद्या पुढच्या घराची किल्ली हातात. नाही हलवली तर या वयात छप्पर शोधत फिरायचं. मुलीने मागे वळून पाहिलंही नाही.

"माझी कुणी नाही," मावशी म्हणाल्या. "हिचे वडील राहायचे इथे. याच खिडकीत गेले."

"कळवतो आम्ही," नवरा म्हणाला, आणि दोघं जिना उतरून गेले.

एजंट दारात घुटमळला. तसा माणूस वाईट नव्हता. "मावशी, पायावर धोंडा मारून घेतलात. आता कुठला मालक तुम्हाला घर देईल?"

"न देईना का. मला हे आता झेपायचं नाही."

तो गेला. समोरच्या गॅलरीत शेजारीण वाळलेले कपडे काढायला आली. मावशींशी ती रोज हवापाण्याचं बोलायची, पण आधीच्या माणसाचा विषय तिने कधी काढला नव्हता. ती त्याला विसरली, असंच मावशी धरून चालल्या होत्या. खिडकीत कोपरं टेकून बसलेलं कुणी दिसलं आणि तिच्या हातातली चादर तशीच राहिली. मग तिने सावकाश हात वर केला, रोज करत असल्यासारखा.

मुलीनेही हात हलवला. "कोण त्या?"

"तुझ्या बाबांच्या ओळखीच्या," मावशी म्हणाल्या.

म्हणजे कुणी काही विसरलंच नव्हतं. कांदे, टॉवेल, स्वेटर, सगळं पाहून लोक फक्त गप्प बसले होते, मावशींचं मन राखून. तिकडे शेजारच्या गल्लीतही यजमानांची आठवण ठेवून कुणीतरी असंच गप्प बसलं असेल. मावशींना रडू आलं, आणि कितीतरी वर्षांनी बरंही वाटलं.

समोरच्या बाईचा हात अजून वरच होता. आपण मध्ये दिसू नये म्हणून मावशी खुर्चीमागून हळूच बाजूला सरकल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.