पंखेवाल्याची खुर्ची

लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांचा गट चालवणाऱ्या ताईंना वायरमनने फोन केला तेव्हा खरं तेच सांगितलं होतं. लहानपणी माझ्या बाबतीत तसं झालंय, तुमच्या गटात मी येऊ का? ताई म्हणाल्या, या, शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरची खोली. शनिवारी तो दारात उभा राहिला, गोल मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांवर बसलेली माणसं त्याने बघितली आणि खरं बोलायचा त्याचा धीर सुटला. कामाची पिशवी खांद्यावर होतीच.

"पंखा बघायला आलोय," तो म्हणाला.

पंखा डोक्यावर झकास फिरत होता. ताईंनी आवाज ओळखला. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनीही माणूस ओळखला होता, कारण त्यांतली नर्स पहिल्या दिवशी पत्ता चुकल्याचं सांगून जिन्यातूनच परत गेली होती, आणि म्हातारे चित्रकलेचे मास्तर "कुणी छत्री विसरलंय का" असं विचारत आत आले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बघा की," ताई म्हणाल्या.

ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं ते या गृहस्थाकडून शिकावं. त्याने पंखा बंद केला, वाचनालयाची शिडी लावली आणि धडधाकट पंख्याचे स्क्रू काढत-बसवत बैठक संपेपर्यंत वरच बसून राहिला. निघताना बटनांच्या बोर्डातली एक वायर सैल करून ठेवली, म्हणजे पुढच्या शनिवारी यायला निमित्त राहील. चालत्या वस्तूत खोट काढून ठेवणं म्हणजे त्याच्या धंद्यात पाप. पण लाजेपुढे धंद्याची अब्रू कुठली टिकायला!

असे बरेच शनिवार गेले. खाली माणसं पाळीपाळीने बोलत. बोलणाऱ्याला मध्ये कुणी काही विचारायचं नाही, आणि ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं "पुढे" म्हणायचं, एवढाच तिथला नियम. शिडीच्या पायाशी एक खुर्ची कायम रिकामी असे. तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवत नसे. त्याला ती दिसत होती. ती आपल्यासाठी आहे हेही त्याला कळत होतं, आणि वर बसल्या बसल्या त्याचे कान तापत.

एका शनिवारी नर्स म्हणाली, "तो मला खाऊ द्यायचा. मी परत परत जायचे. माझी मी जायचे." वायरमनच्या हातातून स्क्रू निसटला आणि नेमका त्या रिकाम्या खुर्चीत पडला. त्याने तो उचललासुद्धा नाही. त्या दिवशी त्याने बोर्डातल्या झाडून सगळ्या वायरी घट्ट आवळल्या आणि पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवून तो निघून गेला.

घरी त्याची मुलगी होती, चार वर्षांची, चिमणी. तो दारात दिसला की हात वर करून धावत यायची. तो मागे सरायचा. "हात मळलेत गं."

"साबणाला काय तोटा आहे या घरात?" बायको आधी हसून म्हणायची. आता हसत नव्हती. त्या आठवड्यात तिने समोर बसवून विचारलं, "पोटच्या पोरीला तुम्ही कधी कडेवर घेतलं नाहीत. मुलगा हवा होता का? मला कारण सांगा. नाहीतर रविवारी दादा न्यायला येतोय, मी तिला घेऊन जाते."

तो काय सांगणार? ज्याच्या बाबतीत तसं घडतं तो मोठेपणी तसाच होतो, असं त्याने कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. वाईट विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. पण येईल की काय, या धास्तीने पोर जन्मल्यापासून तो स्वतःच्याच हातांना भीत होता. हे बायकोला सांगण्यापेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी ताईंचा फोन आला. "पंखा बंद पडलाय."

"शक्यच नाही," तो म्हणाला. पण काम म्हणजे काम. तो गेला, त्याने बोर्ड उघडला आणि त्याचं डोकंच फिरलं. वायर सैल नव्हती, कुणीतरी कातरीने कापली होती. तीही दातांनी कुरतडल्यासारखी.

"कुणाचा उपद्व्याप हा?" पिशवी टाकून तो थेट खुर्च्यांच्या मधोमध गेला. "जीव गेला असता ना!"

मास्तरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मी. पण मेन स्विच बंद केला होता हो."

"अहो, या वयात? कशाला?"

"मागच्या वेळी तुम्ही सगळं घट्ट आवळून गेलात," मास्तर म्हणाले. "आम्हाला वाटलं, आता तुम्ही येत नाही."

म्हणजे वायर आपण सैल करत होतो हे यांना पहिल्यापासून माहीत होतं. शरमेने त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो शिडीवर नाही, खाली उभा आहे, त्या रिकाम्या खुर्चीला टेकून. तो बसला.

त्याची पाळी आली. "पुढे," तो म्हणाला. नर्सने तोंड उघडलं आणि तोच पुन्हा म्हणाला, "नाही, थांबा."

"माझा काका वायरमन होता. त्याच्या दुकानात मी काम शिकलो. तो मला टेस्टर द्यायचा, पक्कड द्यायचा. काम आवडायचं, म्हणून मी जायचो. तो काय करतो ते माहीत असून जायचो. त्याच हुन्नरावर आज पोट भरतो." त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. "घरी पोरगी आहे. तिला मी हात लावत नाही. मी त्याच्यासारखा झालो तर?"

ताई म्हणाल्या, "ज्याच्या बाबतीत घडलं तो तसाच होतो, हे खोटं आहे. तुम्ही लहान होतात. शिकायला जाणं हा गुन्हा नव्हे."

"मीही तेच ऐकलं होतं," मास्तर सावकाश म्हणाले. "माझ्या मुलाला मी कधी उचललं नाही. तो आता परदेशात असतो. फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो."

बैठक संपल्यावर वायरमनने वायर जोडली, पंखा सुरू केला आणि तो घरी गेला. बायको बॅग भरत होती. "जरा थांब," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय. सगळं सांगतो." तिने हातातली साडी खाली ठेवली.

चिमणी धावत आली आणि त्याच्यापासून जराशी लांबच थांबली. हात तिने आपणहून पाठीमागे घेतले. "मळलेत ना?"

खरंच मळले होते, बोर्डातल्या धुळीने. तो मोरीत गेला, साबण लावून त्याने हात धुतले आणि तिच्यासमोर खाली बसून दोन्ही पंजे पुढे धरले.

तिने एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं, वास घेतला.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली, आणि तिने हात वर केले.