जर्मनीणीला काय रांधायचं?

जर्मनीण रविवारी दुपारी जेवायला येणार, हे चवबाईनं घरात बुधवारीच सांगून टाकलं, आणि तिथंच चुकलं. रविवारी सकाळी सांगितलं असतं तर कुणाला अक्कल पाजळायला वेळच मिळाला नसता.

चवबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती चव बघायची नोकरी करत होती, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. एखाद्या खेपेत सोडा चिमूटभर जास्त पडला तरी पहिल्याच तुकड्यात तिला कळे, आणि मग भट्टीवाल्याची धडगत नसे. हे काम तिला या जर्मनीणीनंच शिकवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी मूळच्या जर्मन कंपनीनं तिला तीन महिने इथं धाडलं होतं. दोघींची इंग्रजी सारखीच तोडकीमोडकी, त्यामुळे मैत्री लवकर जमली आणि टिकली.

नवरा त्याच कारखान्यात खरेदीखात्यात होता. त्यानं बुधवारी रात्रीचं जेवण होताच वहीच उघडली. शेजारी त्याची थोरली बहीण बसली. वन्सं खालच्याच मजल्यावर राहत आणि वरच्या मजल्याचा कारभार बघत.

"जर्मन माणूस म्हणजे मांस," नवरा म्हणाला.

"छे! तिखट नको फक्त. त्यांच्या जिभा लोण्याच्या असतात," वन्सं म्हणाल्या.

"मी ठरवलंय काय करायचं ते," चवबाई म्हणाली. "वाफाळता भात, त्यावर भाजलेले दाणे. बटाट्याच्या पातळ चकत्या, कडक तळलेल्या. बर्फात ठेवलेली काकडी. शेवटी डाळिंब."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काकडी? अगं, पाहुणी येतेय की दवाखान्यातला पेशंट?" वन्संनी विचारलं.

चवबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण वन्संनी न बघता फेकलेला दगड नेमका लागला होता. दोन वर्षांपूर्वी जर्मनीणीला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. मीठ काय, साखर काय, तिला सगळं सारखं. हे फक्त तिला आणि चवबाईला माहीत होतं. तिकडे कारखान्यात हाताखालची माणसं खरी चव बघत. ही नुसता बिस्किटाचा तुकडा मोडून आवाज ऐके आणि कागदावर सही करी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आता कळलं असतं तर तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. "कुणाला बोलू नकोस," असं तिनं फोनवर रडत सांगितलं होतं आणि चवबाईनं शब्द दिला होता.

शब्द दिला खरा, पण तेव्हापासून चवबाई तिच्यावर मनातून धुमसत होती. नुसती सर्दी झाली तरी त्या दिवशी सही करायची नाही, हे शिकवणारी हीच बाई! आणि आता हीच सह्या ठोकतेय. वर तिचं खोटं सांभाळायचं कुणी, तर चवबाईनं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत साहेबाच्या टेबलावर, आणि तिथून जर्मनीत.

म्हणून तिनं जिभेला वगळूनच बेत केला होता. दाताखाली कुरकुरेल, टाळूला गार लागेल, चावल्यावर फुटेल असं. चव नाही तर निदान खाल्ल्याचं सुख तरी मिळावं. पण हे ती बोलणार कुणाला?

"सूप मी करणार," नवऱ्यानं जाहीर केलं. "माशाचं. माझ्या हातचं."

नवरा वर्षातून एकदा रांधायचा आणि पुढं वर्षभर त्याचं कौतुक ऐकायचा.

"माझी मैत्रीण आहे, तुमची नाही," चवबाई म्हणाली.

"घर दोघांचं आहे ना? की तेही तुझ्या मैत्रिणीचं?"

तिनं ताट असं आपटलं की वन्संच्या भांड्यातलं पाणी हिंदकळलं. पुढचे तीन दिवस नवराबायको कामापुरतंही बोलले नाहीत.

त्या अबोल्यानंच घात केला. चवबाईच्या स्वयंपाकघरात एकाही बरणीवर नाव नव्हतं, फक्त आकडे होते. प्रयोगशाळेत नमुन्यांना आकडेच द्यायचे, नाव वाचलं की जीभ फसते, ही सवय तिनं घरीही आणली होती. चारमध्ये मीठ आणि सातमध्ये पिठीसाखर, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. नवऱ्यानं विचारलं असतं तर तिनं कुरकुरत का होईना सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी बोलायचं, आणि आधी बोलायचं म्हणजे हरायचं. रविवारी सकाळी त्यानं तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, सूप उकळलं आणि मीठ समजून सात नंबरमधले चार चमचे त्यात टाकले. चाखून बघणं त्याच्या शानेत बसत नव्हतं.

जर्मनीण बरोबर एकच्या ठोक्याला आली. केस पांढरे झाले होते, हसणं तेच होतं. चवबाईनं तिला मिठीत घेतलं आणि क्षणभर सगळा राग विसरली. आधी चकत्या वाढल्या. जर्मनीणीनं एक उचलून कानाशी मोडली, मग तोंडात टाकली, आणि डोळे बारीक करून चवबाईकडे पाहिलं. आपल्यासाठी काय बेत केलाय ते तिला कळलं होतं. तिनं एकामागून एक आठ चकत्या खाल्ल्या.

मग नवरा वाडगे घेऊन आला.

"माझी खासियत," तो म्हणाला. "खरं खरं सांगायचं हं. तुमच्या जिभेपुढं काही लपत नाही."

जर्मनीणीनं चमचाभर सूप घेतलं, थांबली, नेहमीच्या सवयीनं मान हलवली. "फार सुंदर," ती म्हणाली. "मीठ अगदी बेताचं."

नवऱ्याची छाती फुगली. त्यानं स्वतः घोट घेतला आणि तो तसाच वाडग्यात परत टाकला. वन्संनी चाखलं आणि त्या ओरडल्या, "अरे, साखर! माशाच्या सुपात साखर!"

मग नवऱ्याला हसू फुटलं.

"मीठ बेताचं म्हणे! अहो, कंपनीची मोठी चव बघणारी ही, आणि हिला साखर कळत नाही? उद्या साहेबांना सांगतो, पोट धरून हसतील."

हे त्यानं इंग्रजीत नव्हतं सांगितलं, पण त्यातला 'साहेब' आणि ते हसू जर्मनीणीला पोचलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चमचा तसाच हातात राहिला.

चवबाईनं आपला वाडगा पुढं ओढला. ते गिळगिळीत गोड सूप ती चमच्यामागून चमचा प्यायली. बावीस वर्षं जिनं बिस्किटातला एक कण सोडला नव्हता, ती वाडग्याचा तळ दिसेपर्यंत थांबली नाही. तिनं तोंड पुसलं.

"काय झालंय सुपाला?" ती म्हणाली. "मला तर चांगलं लागलं."

"वेड लागलं का तुला? साखर आहे त्यात!"

"असेल. घरचा माणूस वर्षातून एकदा चुलीपुढं उभा राहतो, त्याचा मान पाहुणी ठेवते, मी ठेवते. आणि तुम्ही तिलाच हसता? जा, सांगा साहेबांना, तुम्ही सुपात काय घालता ते. त्याचबरोबर हेही सांगा, की तुमच्या बायकोला ते आवडलं."

नवऱ्यानं आपला वाडगा बाजूला सारला. आपलीच फजिती साहेबाला सांगायची म्हणजे काय, हे त्याला आता उमगलं. वन्सं मात्र पुटपुटल्याच, "चवबाई म्हणे! उद्या कारखाना हसेल हिला." चवबाईला ते ऐकू आलं. हसणार होतेच. वन्संच्या जिभेला कोण कुलूप लावणार?

ताटं उचलायच्या निमित्तानं दोघी स्वयंपाकघरात आल्या. जर्मनीणीनं दार लोटलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"किती वाईट होतं?" तिनं विचारलं.

"घाण," चवबाई म्हणाली. तिनं हातातले वाडगे मोरीत आदळले. "आधी नुसतं गोड. मग त्या गोडातून मासा वर येतो, जुना आणि थंड. मीठ कुठंच नाही. गिळल्यावर साखर दातांना चिकटून बसते."

जर्मनीण डोळे मिटून ऐकत होती. एकेक शब्द घोटासारखा घेत होती. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं.

चवबाईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशाही वाटल्या. तिनं नळ सोडला, चूळ भरली, तरी तो गोडवा जाईना.

"मी आज माझं नाव घालवलं," ती म्हणाली. "परत घालवणार नाही. परत गेलीस की तूच जाऊन सांग. दीड वर्ष राहिलं असो की दीड दिवस."

"हो," जर्मनीण म्हणाली.

"हो नको म्हणूस. माझ्यासमोर तुझ्या साहेबाला फोन लाव."

जर्मनीणीनं पर्स उघडली आणि फोन बाहेर काढला.