न जाळलेला म्हातारा

चौक गावात व्हेरोनिका आंटींच्या ओट्यावर जानेवारी संपत आला तरी म्हातारा बसून होता.

उत्तनच्या गावांत दर डिसेंबरला असा म्हातारा करतात. गोणपाटाचं डोकं, पोटात पेंढा, अंगात कुणाचे तरी जुने कपडे. हा म्हातारा म्हणजे सरतं वर्ष. आठवडाभर तो खुर्चीवर बसतो, येणारेजाणारे त्याची थट्टा करतात आणि एकतीसच्या रात्री त्याला पेटवतात. यंदा पेटवला नाही, कारण मी मनाई केली होती.

मी पर्यावरणशास्त्रात एमएससी केलं आणि आता पालिकेत कंत्राटावर उघड्यावर जाळण्याच्या तक्रारी तपासते. पाला, लाकूड, कपडे, टायर, काहीच उघड्यावर पेटवायचं नाही, असा नियम आहे. एकतीसला दुपारी मी हे सांगायला गेले, तेव्हा म्हाताऱ्याला मिशा काढत बसलेला वॉरेन हसला. वॉरेन मच्छीमार, आंटींचा धाकटा दीर.

"मॅडम, म्हातारा जाळला न्हाय तर जुनं साल जायचं कसं?"

"कॅलेंडर बदललं की जातं."

"कॅलेंडरचं काय, ते भिंतीवर टांगलेलंच हाय."

पण त्याने ऐकलं. त्याला काड्यापेटी खिशात टाकताना मी पाहिलं आणि परत आले.

मग जानेवारीत तक्रार आली: त्याच ओट्यावरून रोज संध्याकाळी धुराचा वास येतो. तक्रार शेजारच्या ॲमंडा आंटींची होती. शाळेतून निवृत्त झालेल्या, गाऊनवर ओढणी घेऊन दारातच उभ्या.

"मी नियम पाळणारी बाई आहे. नाताळचा स्टारसुद्धा एलईडीचा लावते. आणि इथे रोज धूर!"

"कोण जाळतं?"

"ते दिसत नाही. वास येतो. तू बघ ना, तुझं कामच आहे ते."

ओट्यावर राख नव्हती. काजळी नव्हती, फरशीवर जळका डागही नव्हता. मी हवेतले कण मोजणारा मीटर सुरू केला. रस्त्यावर आकडा नेहमीचा होता. खुर्चीजवळ नेला तर जवळजवळ तिप्पट. बाजूला घेतला की खाली, पुन्हा जवळ नेला की वर.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. हा मीटर कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे पाण्याचे बारीक थेंबही त्याला धुरासारखेच वाटतात. म्हणजे म्हातारा ओला असणार. मी त्याच्या शर्टाला हात लावला. कोरडा, उन्हाने तापलेला. मग दोन बटणांमधून बोटं आत घातली. पेंढा चिंब होता आणि बर्फासारखा गार. प्रयोगशाळेत कधी करू नये ते केलं, बोट जिभेला लावलं. खारट.

समुद्र जवळ आहे, मीठ हवेतली ओल धरतं, इथपर्यंत ठीक होतं. पण ओल बाहेरून आली असती तर शर्ट आधी भिजला असता. जमिनीतून चढली असती तर पाय जास्त ओले असते. पाय कोरडे होते. सगळ्यात ओलं होतं ते डोकं. वर पत्रा होता, त्याला कुठे भोक नव्हतं. मी खुर्चीभोवती दोनदा फिरले. उत्तर सापडलं नाही.

"हात काढ, बाय. त्याला थंडी वाजते."

व्हेरोनिका आंटी दारात उभ्या होत्या. मी हात मागे घेतला.

"कपडे पायसचे हायेत," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचे."

वॉरेन जाळं खांद्यावर टाकून गल्लीतून येत होता. ते ऐकून तो पायरीशीच थांबला. "त्या दिवशी मी बोटीवरच होतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जाळं ओढत होतो. वळून बघितलं तर दादा न्हाय. चार गावच्या बोटी शोधत होत्या."

पायस सापडला नव्हता. चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा झाली, पण पुरायला काही नव्हतं. आंटी रात्री दार उघडं ठेवूनच झोपायच्या, कारण तो नेहमी उशिरा यायचा. डिसेंबरात वॉरेन जुने कपडे मागायला आला, तेव्हा त्यांनीच नवऱ्याचा शर्ट आणि पँट काढून दिली. सरत्या वर्षाबरोबर त्यालाही जाऊ दे म्हणून.

"आणि तू जाऊ दिला न्हायस," आंटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "एकदाच परवानगी दे, बाय. तो असा बाहेर बसलाय तोवर मी दार कसं लावू?"

"मला तसं करता येत नाही, आंटी. नियमातून फक्त अंत्यसंस्कार वगळलेत."

"मग हे काय हाय? मयतच हाय."

"पण तुमच्यात मयत जाळत नाहीत ना?"

मी ते सहज, वर्गवारी करावी तसं बोलले. वॉरेनने खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं. आंटी म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या.

"न्हाय जाळत," त्या हळू म्हणाल्या. "पुरतात. वॉरेन, मी काय करायला निघाले होते रे?"

"मला तरी कुठं सुचलं, वयनी."

घरामागे रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली वॉरेनने खड्डा खणला. हातभर खणल्यावर तळाला पाणी आलं. समुद्राजवळ येतंच. मग त्याने पाय धरले, मी खांदे धरले. पेंढा कितीही पाणी प्यायला तरी इतका जड होत नाही. गोणपाटाचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. घराला वळसा घालून झाडापर्यंत जाईस्तोवर ते तसंच राहिलं, दमलेल्या माणसासारखं. मी मान वळवली नाही.

आंटींनी प्रार्थना म्हटली. ॲमंडा आंटी मेणबत्ती घेऊन आल्या.

"ही चालते ना गं तुझ्या नियमात?"

"चालते."

त्यांनी ती खड्ड्याच्या काठावर वाळूत रोवली आणि नाक वर करून हवा हुंगली. "विडी," त्या म्हणाल्या. "तो रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून ओढायचा. मी रोज भांडायची, पायस, तुझा धूर माझ्या घरात येतो म्हणून."

"मग तक्रारीत तसं का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं तर तू आली असतीस?"

वॉरेनने माती लोटली. शेवटी मिशा तेवढ्या दिसत होत्या, मग त्याही गेल्या.

मी ओट्यावर परत येऊन मीटर रिकाम्या खुर्चीवर धरला.

"काय सांगतं तुझं मशीन?" व्हेरोनिका आंटींनी विचारलं.

"सगळीकडे सारखंच आहे."

त्यांनी खुर्ची पदराने पुसली, भिंतीशी उलटी ठेवली आणि आत गेल्या. अजून उजेड होता, तरी त्यांनी दार लावलं. कडी नीट बसत नव्हती, बऱ्याच दिवसांत कुणी वापरली नव्हती. दोन-तीनदा आतून खडखडली आणि मग बसली. वॉरेन पायरीवर बसून तो आवाज ऐकत होता. त्याने तोंड ओंजळीत धरलं.

शांती नगरला घरी पोचले तर आई दारातच थबकली.

"स्नेहल, कुणाजवळ बसलेलीस? विडीचा वास येतोय तुला."

कुर्त्याच्या खांद्यावर डोक्याएवढा गोल ओला डाग होता. आंटींकडे दिवसभरात मेणबत्तीशिवाय काहीच पेटलं नव्हतं. मी कुर्ता खिडकीत वाळत घातला. डाग वाळेना. मीटर बॅगेत होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. मी बॅगेची चेन लावली आणि खिडकी उघडी ठेवली.